तीन, दोन, तीन

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पन्नासेक दंतवैद्य एका हॉलमध्ये लांब टेबलांशी बसले होते आणि प्रत्येकासमोर स्टीलच्या ट्रेमध्ये बोकडाचा खालचा जबडा ठेवलेला होता. मटणाच्या दुकानातून आणलेला, स्वच्छ धुतलेला, हिरडी अजून गुलाबीसर. शेजारी धारदार पातं, चिमटा, वाकडी सुई, काळा धागा. माझी एक मैत्रीण वीस वर्षांहून जास्त काळ पुण्यात दातांचा दवाखाना चालवते. तिच्याबरोबर मी आले होते, मागच्या खुर्चीवर बसून नुसतं बघायला. "अगं, कंटाळशील," ती म्हणाली होती. मी जेवणाच्या सुट्टीतही तिला प्रश्न विचारत राहिले.

दंतवैद्याला पदवी मिळाली, नोंदणी झाली, म्हणजे शिकणं संपलं असं होत नाही. नोंदणी चालू ठेवायची तर अशा उजळणीच्या वर्गांना बसून गुण मिळवावे लागतात. त्यांच्या बोलण्यात याला 'सीडीई' म्हणतात. त्या दिवशीच्या कार्यक्रमात सकाळी हिरड्यांचे आजार होते आणि जेवणानंतर 'प्रॅक्टिस मॅनेजमेंट', म्हणजे दवाखाना कसा चालवायचा ते. मला वाटलं, सकाळी विज्ञान आणि दुपारी हिशेब. संध्याकाळी घरी येताना माझ्या डोक्यात दोन्हींचा एकच विषय झाला होता. हिरडीचा आजार जितका तोंडात असतो, तितकाच त्याचा उपचार दवाखान्याच्या वहीत असतो. हे कसं, ते सांगायला मला आधी हिरडीपाशी जावं लागेल.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो टांगलेला असतो. मुळापासून हाडापर्यंत हजारो बारीक तंतू आडवे-तिरपे ताणलेले असतात आणि त्या झोळीत दात बसतो. या झोळीची जाडी साधारण एक पंचमांश मिलिमीटर. आपण सुपारी फोडतो, भाकरीचा कडक पापुद्रा चावतो, तेव्हा तो सगळा दाब या पातळ थरावर येतो आणि तंतू तो हाडाला वाटून देतात. दातांत खडा आला की क्षणात कळतं, तेही या तंतूंमधल्या मज्जातंतूंमुळेच.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगली. माणसाच्या शरीरात आतून निघून, वरचं आवरण भेदून बाहेर आलेली आणि तशीच राहणारी टणक वस्तू म्हणजे दातच. हाड असं कधी बाहेर येत नाही. आलं तर तो अपघात. म्हणजे दाताभोवती कायमची एक फट आहे आणि ती बंद ठेवण्याचं काम हिरडीला आयुष्यभर करावं लागतं. दात आणि हिरडीची कड यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल चर असते. तिच्या तळाशी पेशींचा एक नाजूक पट्टा दाताला चिकटून बसतो. तेवढीच ती शिवण. तिच्यातून पांढऱ्या पेशी सतत बाहेर येत असतात. हॅराल्ड लो हे नॉर्वेजियन संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली त्या मोजल्या, तर मिनिटाला सुमारे ३०,०००. म्हणजे दिवसाला चार कोटींवर पेशी निरोगी तोंडातसुद्धा या एवढ्याशा चरीवर पहाऱ्याला येतात आणि लाळेबरोबर गिळल्या जातात.

पहारा कशावर, हे पहिल्यांदा पाहिलं हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्यानं. आंतोनी व्हान लेवेनहुक रोज सकाळी मिठानं दात घासायचा, काडीनं फटी कोरायचा, फडक्यानं दात पुसायचा. तरी दाढांच्या फटीत पांढरट, भिजवलेल्या पिठासारखं काहीतरी उरायचंच. त्यानं ते पावसाच्या पाण्यात कालवून आपल्या हातानं घासलेल्या भिंगाखाली धरलं आणि १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की त्यात असंख्य जीव वळवळताहेत. आपल्या देशात जेवढी माणसं राहतात त्याहून जास्त प्राणी आपल्या तोंडात आहेत, असा त्याचा अंदाज होता. अंदाज खराच होता, नव्हे कमीच होता. आज माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या नुसत्या जातीच सातशेच्या आसपास ओळखल्या गेल्या आहेत.

हे जिवाणू सुटे नसतात. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ लेप दातावर चढतो. त्यावर आधी गोलसर जिवाणू येऊन चिकटतात, मग लांबट येतात, त्यांच्या अंगाला आणखी वेगळे बिलगतात, आणि खाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, हवा नकोच असणारे वस्तीला येतात. भोवती स्वतःचा चिकट गोंद रचतात. हा झाला प्लाक. या गोंदात औषध सहज शिरत नाही, चूळ भरून तो हलत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. राहिला तर एक ते तीन दिवसांत त्यात लाळेतलं कॅल्शियम बसायला लागतं आणि त्याचं कीटण होतं. जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर ते बहुधा तेच. तिथेच जास्त का? कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही ते भरपूर असतं, कारण कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी गालात तिथे येऊन उघडते. दगड पाणी जिथे येतं तिथे वाढतो.

या दगडाबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. जर्मनीतल्या डालहाइम इथल्या मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीत सापडलेल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या कीटणात संशोधकांना निळे कण दिसले. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ते अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दाचे आहेत. सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वी ही बाई धर्मग्रंथांची पानं रंगवत असावी आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत असावी, असा त्यांचा तर्क आहे. तिचं नाव कुठेही उरलेलं नाही. तिचं काम तिच्या कीटणात उरलं. त्याच ठिकाणच्या इतर सांगाड्यांच्या कीटणात आजच्या हिरड्यांच्या आजारातले तेच जिवाणूही सापडले आहेत.

आजार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. हिरडीतून रक्त येणं सुश्रुत 'शीताद' या नावाखाली घेतो, पू येऊन दात हलणं 'दंतवेष्ट' या नावाखाली. आपल्या आजीपणजींनी याला 'पायोरिया' म्हटलं, तो ग्रीक शब्द, अर्थ एवढाच की पू वाहतो. नावं लक्षणांची आहेत. कारण सिद्ध व्हायला १९६५ साल उजाडलं आणि तो प्रयोग इतका साधा आहे की तो ऐकताना सकाळच्या सत्रात मी वहीत चार वेळा रेघा मारल्या.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना गोळा केलं. बहुतेक दंतवैद्यकीचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. त्यांना सांगितलं, दात घासायचे नाहीत. कुणाच्या हिरड्या दहा दिवसांत लाल झाल्या, कुणाला तीन आठवडे लागले. पण झाल्या सगळ्यांच्याच, बाराच्या बारा. मग त्यांना पुन्हा घासायला लावलं. साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्वीसारख्या. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. रोग आणता येतो आणि परत पाठवता येतो, हे बारा तोंडांनी दाखवून दिलं.

मग ज्यांना कुणी घासायला सांगितलंच नाही त्यांचं काय होतं? लो आणि त्यांचे सहकारी १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर गेले. तिथे ४८० पुरुष मजुरांची तोंडं त्यांनी पंधरा वर्षं पुन्हापुन्हा तपासली. या माणसांना दंतवैद्य मिळालेला नव्हता, ब्रशही जवळजवळ नाही. प्रत्येकाच्या दातांवर प्लाक आणि कीटण, प्रत्येकाच्या हिरड्या सुजलेल्या. आणि तरी १९८६ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा त्या सारख्या दिसणाऱ्या तोंडांतून तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. ८ टक्क्यांमध्ये दातांचा आधार भराभर गेला, पंचेचाळिशीपर्यंत सरासरी सुमारे १३ मिलिमीटर. ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीनं, सुमारे ७. आणि ११ टक्क्यांमध्ये हिरड्या सुजलेल्या राहिल्या, पण आधार जवळजवळ गेलाच नाही. तोच चहा, तोच भात, तेच कीटण, आणि तरी काहींचे दात गळले, काहींचे जागचे हलले नाहीत.

जगातल्या प्रत्येक दंत महाविद्यालयात हा अभ्यास शिकवला जातो. ज्यांच्या तोंडांतून तो आला त्या मजुरांना त्या काळात साधा उपचारही मिळाला नव्हता, ही गोष्ट त्याच्याबरोबर शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्या तीन गटांचं उत्तर शोधायला पुढची चाळीस वर्षं गेली आणि ते अजून पुरतं हाती आलेलं नाही. पण दिशा दिसली. १९९८ मध्ये बॉस्टनच्या सिगमंड सॉक्रन्स्की यांनी १३ हजारांहून जास्त प्लाकचे नमुने तपासून दाखवलं की तीन जिवाणू खोल फटींमध्ये नेहमी एकत्र आढळतात. त्यांतला पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा तर विलक्षणच. उंदरांवरच्या प्रयोगांत तो अगदी मोजका असतानाही सगळ्या वस्तीची घडी बदलतो आणि पहाऱ्यावरच्या पेशींना चकवतो. म्हणून संशोधक त्याला कमानीच्या मधल्या दगडाची उपमा देतात. तरीही हाड खातो तो जिवाणू नव्हे. हाड झिजवतात आपल्याच पेशी. सूज आत सरकत आली की शरीर हाडाला मागे घेतं, जणू आगीपासून सामान बाजूला करावं. कुणाचं शरीर हे भराभर करतं, कुणाचं सावकाश, कुणाचं करतच नाही. हे सगळं होताना बहुधा दुखत नाही. किडलेला दात रात्री झोपू देत नाही. हिरडीचा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि माणसाला कळतो तो दात हलायला लागल्यावर.

म्हणून मोजावं लागतं. दंतवैद्याच्या ट्रेमध्ये एक बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिला प्रोब म्हणतात. विल्यम्स यांची १९३६ मधली सळई अजून वापरात आहे. तिच्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटरच्या खुणा आहेत. ४ आणि ६ मुद्दाम गाळले आहेत, म्हणजे रेघांच्या गर्दीत डोळा चुकू नये. ही सळई चरीत अगदी हलकेच सरकवायची. किती हलकेच? साधारण २५ ग्रॅमच्या दाबानं. वर्गात सगळ्यांनी आधी वजनाच्या छोट्या काट्यावर सळई टेकवून तो दाब हाताला शिकवला. वीस-वीस वर्षं काम केलेल्या हातांपैकी निम्म्यांनी पहिल्या खेपेला दुप्पट दाब दिला. माझ्या मैत्रिणीनंही. ती परत परत टेकवत राहिली, काट्याकडे न बघता, आणि काटा २५ ला थांबला तेव्हा तिचा चेहरा शाळकरी मुलीसारखा फुलला.

प्रत्येक दाताला सहा जागी मोजायचं, तीन गालाकडून, तीन जिभेकडून. अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात, म्हणजे १६८ आकडे. डॉक्टर बोलतात, असिस्टंट लिहिते. "तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार. पाच, तीन, चार." ऐकायला पाढ्यांसारखं. पण रुग्ण हे ऐकत असतो, आणि तीन-दोन-तीनच्या लयीत अचानक 'सहा' आला की तो डोळे उघडतो. चारच्या पुढे गेलं की त्या चरीला 'पॉकेट' म्हणतात, खिसा. खिशाच्या तळाशी ब्रश पोचत नाही.

सळई काढल्यावर रक्त येतं का, हेही टिपतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे निकलाऊस लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं रुग्ण तपासून एक मजेशीर गोष्ट दाखवली. एखाद्या जागी रक्त येत राहिलं म्हणून तिथलं हाड जाईलच असं नाही. बहुतेकदा जातही नाही. पण ज्या जागी प्रत्येक वेळी रक्त आलंच नाही, ती जागा जवळजवळ नक्की सुरक्षित राहते. रक्त न येणं ही जास्त भरवशाची बातमी. यात एक फसवणूक लपलेली आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही आणि हिरडी निरोगी भासते. आपल्याकडे मशेरीचाही प्रश्न आहे. वर्गातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितलं, "बाईंना 'तंबाखू खाता का' असं विचारू नका. त्या खरंच नाही म्हणतील. 'मशेरी लावता का' असं विचारा." तव्यावर भाजून दातांना चोळलेला तंबाखू त्या घरात दंतमंजनच असतो.

माझ्या मैत्रिणीनं कॉलेजात शिकलेली या आजाराची विभागणी आता वापरात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. १९९९ च्या विभागणीत एक सावकाश चालणारा आजार होता आणि एक आक्रमक. नोव्हेंबर २०१७ मध्ये शिकागोत अमेरिकन आणि युरोपियन तज्ज्ञ जमले आणि २०१८ मध्ये नवी चौकट छापली गेली. आता आजाराला चार पायऱ्या आहेत, किती नुकसान झालंय ते सांगायला, आणि तीन श्रेणी, किती वेगानं होतंय ते सांगायला. वेग काढायची रीत ऐकून मी थक्क झाले. एक्स-रेवर मुळाभोवतीचं किती टक्के हाड गेलंय ते पाहायचं आणि त्याला वयानं भागायचं. पाव भागापेक्षा कमी आलं तर सावकाश, एकपेक्षा जास्त आलं तर वेगवान, मधलं असेल तर मध्यम. सत्तर वर्षांच्या आजोबांचं अर्धं हाड गेलं असेल तर ५० भागिले ७०, साधारण ०.७, मध्यम. चाळीस वर्षांच्या माणसाचं तेवढंच गेलं असेल तर ५० भागिले ४०, १.२५, वेगवान. एक्स-रे हुबेहूब सारखा, आणि तरी त्याचा अर्थ जन्मतारखेवर ठरतो. शिवाय दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी, किंवा तीन महिन्यांची साखर ७ टक्के वा त्याहून वर असेल, तर श्रेणी थेट तिसरी. २०१८ च्या आधी शिकलेल्या प्रत्येक दंतवैद्याला हे नव्यानं शिकावं लागलं आहे. रविवारचा हॉल भरलेला का होता, ते तिथे मला दिसलं.

साखरेचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरडी लवकर खचते. आणि हिरडी सुजलेली असेल तर साखर आवरत नाही. २०२२ मध्ये कॉक्रेनच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची साखर, सरासरी ०.४३ टक्क्यानं उतरलेली दिसली. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींवर माणसं मधुमेहासह जगतात. मधुमेहाच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगावं आणि दंतवैद्यानं साखर विचारावी, एवढ्यावर किती काही अवलंबून आहे! आपल्या घराघरांत एचबीएवनसीच्या तपासणीचं नाव 'तीन महिन्यांची साखर' असंच आहे. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, म्हणून तिला तेवढ्या काळाची आठवण असते.

तीन महिने. हा आकडा दुपारी पुन्हा आला.

जेवणानंतर पडद्यावर कुठलंही तोंड नव्हतं. एक तक्ता होता. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये थॉमस विल्सन या हिरडीतज्ज्ञांनी १९८४ मध्ये आपल्याच दवाखान्याची वही तपासली होती. आठ वर्षांतले ९६१ रुग्ण. उपचार पूर्ण झाल्यावर सगळ्यांना ठरावीक काळानं तपासणीला यायला सांगितलेलं. त्यांपैकी सांगितल्याप्रमाणे आले १६ टक्के. ३४ टक्के एकदाही परतले नाहीत. त्यांनी हे लपवलं नाही, छापलं, आणि मला यात मोठेपणा दिसतो. मग दवाखान्यात बदल केले: आठवण करून देणं, रुग्णाच्या सोयीची वेळ, कोण आलं नाही याची नोंद, आलेल्याचं कौतुक. १९९३ मध्ये पुन्हा मोजलं, तर नियमित येणारे दुप्पट होऊन ३२ टक्के झाले होते. सळई तीच, हातही तेच होते. बदलली होती फक्त वही.

आणि माणूस येत राहिला तर काय होतं, याचं उत्तर स्वीडनमधल्या कार्लस्टाडमधून आलं. पेर ॲक्सेल्सन आणि यान लिंडे यांनी १९७२ मध्ये काम सुरू केलं. ३७५ जणांना दोन-तीन महिन्यांनी बोलवायचं, दात साफ करायचे, घासायला पुन्हा शिकवायचं. आणि १८० जणांना नेहमीसारखं वर्षातून एकदा. सहा वर्षांत फरक एवढा दिसला की दुसरा गट तसाच ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही आणि तो थांबवला. पहिल्या गटाची पुढची कथा २००४ मध्ये आली, तीस वर्षांची. तरुण गटानं तीस वर्षांत सरासरी ०.४ दात गमावला होता, मधल्या वयाच्यांनी ०.७, आणि सुरुवातीला पन्नाशी ओलांडलेल्यांनी, म्हणजे तोवर ऐंशीच्या घरात पोचलेल्यांनी, १.८. तीस वर्षांत दोनसुद्धा नाही. वय झालं की दात जायचेच, असं मी माझ्या आजीकडून ऐकत आले होते. आजीला हा आकडा सांगता आला असता तर!

तीनच महिने का? साफ केलेल्या खोल खिशात जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा जमू लागते आणि तीन महिन्यांच्या आसपास ती पूर्वीच्या वळणावर येते. म्हणून ज्यांना हा आजार झालेला आहे त्यांना सुरुवातीला तेवढ्या अंतरानं बोलावतात. हिरडी शांत राहिली तर अंतर वाढवतात.

आता इथे हिशेब येतो, आणि हिशेबाविषयीचा माझा सकाळचा कंटाळा इथे पार गेला. समजा दवाखान्यात असे २०० रुग्ण आहेत. वर्षातून चार वेळा, म्हणजे ८०० भेटी. प्रत्येकी ४० मिनिटं धरली तर ५३३ तास. वर्षाला ३०० कामाचे दिवस, तर रोज पावणेदोन तासांहून थोडं जास्त. हा वेळ वहीत आधीच राखून ठेवला नाही तर तो रोज दुखऱ्या दाढांना जाणार, कारण दुखणारी दाढ आरडाओरडा करते आणि हिरडी गप्प असते. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना आपापल्या मोबाइलवर पुढच्या महिन्याचं पान उघडायला लावलं आणि विचारलं, "यात गप्प माणसांची वेळ कुठे आहे?" हॉलमध्ये बराच वेळ शांतता होती.

बोलावण्याच्या शब्दांवरही तासभर गेला. 'तुमची क्लीनिंग ड्यू आहे' असा निरोप मिळाला तर माणूस तो पुढे ढकलतो, कारण दात त्याला स्वच्छच वाटतात. 'मागच्या वेळी उजवीकडच्या खालच्या दाढेमागे सहा होते, ते आता किती झालेत ते बघायचंय' असं सांगितलं तर तो येतो. तो आकडा त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो. आकडे मोठ्यानं म्हणायचे ते यासाठीही. माझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यातली असिस्टंट फोन घेते, उपकरणं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये लावते, दार उघडते, आणि त्या रविवारनंतर ती १६८ चौकोनही भरते. महिन्याभरातच एकदा तिनं मधेच हात थांबवून म्हटलं, "मॅडम, मागच्या वेळी इथे तीन होतं." मैत्रिणीनं सळई पुन्हा घातली. पाच होते. तिथे कीटणाचा एक बारीक कण राहून गेला होता. बोथट झालेल्या उपकरणानं कीटण निघण्याऐवजी घासून गुळगुळीत होतं आणि मग हाताला ते दातासारखंच लागतं.

आपल्याकडे हिरड्यांसाठी एक दिवसही आहे. इंडियन सोसायटी ऑफ पेरिओडाँटॉलॉजीचे संस्थापक डॉ. जी. बी. शंकवाळकर यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, देशभर मौखिक स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. मराठी घरांत ही तारीख टिळकांच्या पुण्यतिथीची म्हणून पाठ असते, तिच्याशेजारी हेही लक्षात ठेवायला सोपं आहे.

मैत्रिणीच्या दवाखान्यात नंतर एकदा बसले असताना एक आजी आल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं, पण साफ करून घ्यायला तयार नव्हत्या. "डॉक्टर, साफ केलं की दात हलायला लागतात. आमच्या जाऊबाईंचं तसंच झालं."

"आजी, जाऊबाई खोटं बोलत नाहीत," मैत्रीण म्हणाली आणि मला ते वाक्य फार आवडलं. हाड आधीच गेलेलं असतं. कीटणाच्या दगडानं शेजारशेजारचे दात एकमेकांना बांधलेले असतात आणि सुजलेल्या हिरडीनं फटी भरलेल्या असतात. दगड काढला, सूज उतरली, की फटी दिसतात आणि हलणं जाणवतं. हिरडी आकसते ती बरी होतेय म्हणून. मैत्रिणीनं हे सगळं एका कागदावर काढून दाखवलं, दात, हाड, मधला दगड. आजी बराच वेळ चित्र बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भिंत पडलेलीच होती, वेलानं धरून ठेवली होती."

त्या दिवशी आजींचे आकडे लिहिले गेले. दोन भेटींत मुळांपर्यंत साफ करून झालं. गेलेलं हाड असं सहसा परत येत नाही. पण तळाशी पेशींचा तो नाजूक पट्टा मुळावर पुन्हा खालून वर चिकटत जातो, पूर्वीपेक्षा लांब, आणि खिसा आतून मिटतो. पहिले काही आठवडे ही नवी शिवण कच्ची असते. त्या काळात तिथे सळई घालायची नसते, नाही तर मोजण्यातच ती उसवते. म्हणून असिस्टंटनं वही उघडली, आठ आठवडे पुढचं पान काढलं आणि आजींना विचारलं, सकाळची वेळ चालेल का.